एक फेज, दोन केबल, पण करंट सारखा नाही: शेजारच्या केबलमधली वाटणी कशी काढायची

अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसला की त्याच्या एलटी (कमी व्होल्टेजच्या) बाजूला प्रत्येक फेजला एक केबल पुरत नाही. ४३३ व्होल्टला पूर्ण लोडचा करंट १३३३ अँपिअर होतो. मग प्रत्येक फेजला दोन किंवा तीन सिंगल कोअर केबल समांतर टाकतात. दोन रन असतील तर कागदावर सरळ भागाकार होतो: १३३३ ÷ २ = ६६७ अँपिअर. केबलची निवडही त्याच आकड्यावर होते.

ट्रेमधल्या केबल मात्र हा भागाकार पाळत नाहीत. केबल कोणत्या क्रमाने मांडल्या आहेत यावर एकीतून ९९० अँपिअर आणि तिच्याच जोडीदारातून ५०० अँपिअर जाऊ शकतो. इनकमर एसीबी, म्हणजे पॅनेलचा मुख्य एअर सर्किट ब्रेकर, दोघींची बेरीजच मोजतो. कोनासकट ती १३३३च असल्यामुळे (९९० आणि ५०० ची साधी बेरीज का जुळत नाही ते पायरी ५ मध्ये) तो ट्रिप होत नाही आणि जास्त भार घेणारी केबल आतून शिजत राहते. म्हणून केबल ओढण्याआधी ही वाटणी काढायला हवी. दोन रनसाठी ती कॅल्क्युलेटरवर निघते. त्याहून जास्त रन असतील तर एक्सेल लागते.

असे का होते

एसी करंट वाहणाऱ्या प्रत्येक केबलभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र असते. त्याचे दोन परिणाम आपल्या कामाचे आहेत.

पहिला परिणाम एकाच कंडक्टरच्या आत होतो. स्वतःच्या क्षेत्रामुळे करंट कडेला सरकतो, हा स्किन इफेक्ट. शेजारच्या केबलच्या क्षेत्रामुळे तो एका बाजूला सरकतो, हा प्रॉक्सिमिटी इफेक्ट. ५० हर्ट्झला अॅल्युमिनियममध्ये करंट शिरण्याची खोली सुमारे १२ मिमी आणि तांब्यात सुमारे ९.३ मिमी असते. कंडक्टर याहून बराच बारीक असेल तर परिणाम जाणवत नाही. जाड कंडक्टरमध्ये मात्र रोध वाढतो.

दुसरा परिणाम दोन केबलच्या मधल्या जागेत होतो आणि नुकसान बहुतेक वेळा त्यानेच होते. एकाच फेजच्या दोन केबल दोन्ही टोकांना एकाच बसबारवर जोडलेल्या असतात, म्हणजे त्यांचा एक बंद फेरा तयार होतो. बाकीच्या दोन फेजचे क्षेत्र त्या फेऱ्यातून गेले की त्यात व्होल्टेज तयार होते आणि फिरता करंट सुरू होतो. हा करंट एका केबलमध्ये लोडच्या करंटला मिळतो, तर दुसऱ्या केबलमध्ये त्याच्यातून वजा होतो.

पायरी १: मोजमापे घ्या

पुढच्या उदाहरणात ६३० चौरस मिमीची सिंगल कोअर, आर्मर (धातूच्या तारांचे कवच) नसलेली अॅल्युमिनियम एक्सएलपीई (क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीन इन्सुलेशनची) केबल, प्रत्येक फेजला दोन रन, ३० मीटर लांबी आणि केबल ट्रेमध्ये एका ओळीत चिकटून मांडणी धरली आहे. कंडक्टरचा व्यास ३० मिमी आणि केबलचा बाहेरचा व्यास ४० मिमी धरू. तुमच्या कामासाठी हे दोन्ही व्यास केबल उत्पादकाच्या कॅटलॉगमधून घ्या. लागते ते मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर. केबल चिकटलेल्या असतील तर ते बाहेरच्या व्यासाएवढेच असते.

लोड संतुलित आहे आणि न्यूट्रलमध्ये करंट नाही असे धरले आहे.

पायरी २: खरा रोध काढा

६३० चौरस मिमी अॅल्युमिनियमचा २० अंशांना डीसी रोध जास्तीत जास्त ०.०४६९ ओहम/किमी असतो. एक्सएलपीई केबल ९० अंशांपर्यंत चालते, म्हणून रोध त्या तापमानाला न्यायचा:

०.०४६९ × (१ + ०.००४०३ × ७०) = ०.०६०१ ओहम/किमी

आता आयईसी ६०२८७ या केबलच्या आंतरराष्ट्रीय मानकातली दुरुस्ती. ५० हर्ट्झसाठी सूत्र आटोपशीर होते. ०.१२५७ ला वरच्या रोधाने भागा, उत्तर २.०९ येते. त्याचा वर्ग ४.३७. मग

स्किनचा वाटा = ४.३७ ÷ (१९२ + ०.८ × ४.३७) = ०.०२२

प्रॉक्सिमिटीसाठी कंडक्टरचा व्यास भागिले मध्यांतर घ्या: ३० ÷ ४० = ०.७५, त्याचा वर्ग ०.५६२५. आता कंसातला भाग: ०.३१२ × ०.५६२५ + १.१८ ÷ (०.०२२ + ०.२७) = सुमारे ४.२. म्हणून

प्रॉक्सिमिटीचा वाटा = ०.०२२ × ०.५६२५ × ४.२ = ०.०५३ (०.०२२ च्या पुढचे दशांश धरून)

एकूण वाढ साडेसात टक्के आणि खरा रोध ०.०६४६ ओहम/किमी. हे सूत्र तीन केबलच्या एका संचासाठी आहे. सहा केबलच्या ओळीसाठी ते अंदाज म्हणून वापरतो आणि वाटणीच्या हिशेबाला तेवढी अचूकता पुरते. केबल एकमेकींपासून दूर नेल्या की प्रॉक्सिमिटीचा वाटा झपाट्याने घटतो, कारण अंतर वर्गात येते.

नवशिक्या माणसाची चूक बहुधा इथेच होते. साडेसात टक्के वाढ सापडली की काम संपले असे त्याला वाटते. पण हे साडेसात टक्के सगळ्या केबलना साधारण सारखेच लागतात, त्यामुळे वाटणी त्यांनी बिघडत नाही. ती पुढच्या पायरीत बिघडते.

पायरी ३: जोडीची रिअॅक्टन्स काढा

५० हर्ट्झसाठी ०.०६२८ हा आकडा लक्षात ठेवा. तो ओहम/किमीमध्ये आहे आणि पुढच्या प्रत्येक ओळीत लागतो. रिअॅक्टन्स म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे एसी करंटला होणारा अडथळा. एका फेजच्या दोन केबलसाठी

रिअॅक्टन्स = ०.०६२८ × नैसर्गिक लॉगॅरिदम (मध्यांतर ÷ प्रभावी त्रिज्या)

प्रभावी त्रिज्या ही कंडक्टरच्या त्रिज्येहून थोडी कमी असते. ६१ तारांच्या दोरासाठी ती त्रिज्येच्या ०.७७२ पट घ्या, ३७ तारांसाठी ०.७६८ पट, १९ तारांसाठी ०.७५८ पट. आपल्याकडे १५ × ०.७७२ = ११.६ मिमी. ४० ÷ ११.६ चा नैसर्गिक लॉगॅरिदम १.२३८, म्हणून रिअॅक्टन्स ०.०७७८ ओहम/किमी.

कॅल्क्युलेटरवर ‘लॉग’ आणि ‘एलएन’ ही दोन वेगळी बटणे असतात. इथे एलएन हवे. लॉग दाबले तर उत्तर २.३ पट लहान येते आणि वाटणी चुकीची निघते.

रोध ०.०६४६ आणि रिअॅक्टन्स ०.०७७८ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ०.१०११ ओहम/किमी. ही एका केबलची इम्पीडन्स, म्हणजे एकूण अडथळा. फिरता करंट दोन्ही केबलमधून जातो, म्हणून फेऱ्याची इम्पीडन्स याच्या दुप्पट, ०.२०२२.

बारीक केबलच्या बाबतीत हा सारा त्रास का होत नाही तेही इथे कळते. ९५ चौरस मिमी अॅल्युमिनियमचा ९० अंशांचा रोध सुमारे ०.४१ ओहम/किमी असतो. तो इतका मोठा असतो की रिअॅक्टन्समधला फरक त्यात बुडून जातो आणि करंट जवळजवळ सारखा वाटला जातो. केबल जाड होत जाते तसा रोध घटतो, रिअॅक्टन्स मात्र फारशी घटत नाही. आमच्या मते २४० चौरस मिमीपासून पुढे हा हिशेब केल्याशिवाय मांडणी ठरवूच नये.

पायरी ४: फेऱ्यात तयार होणारे व्होल्टेज

तीन फेजना आर, वाय आणि बी म्हणू; आर१ आणि आर२ या आर फेजच्या दोन केबल. आता एक फार वाईट मांडणी घेऊ. ती बऱ्याचदा आढळते, कारण ट्रेमध्ये नीटनेटकी दिसते आणि लग (केबलच्या टोकाचा जोडतुकडा) लावायला सोपी जाते:

आर१ आर२ वाय१ वाय२ बी१ बी२

मधल्या वाय फेजच्या जोडीकडे पाहा. आर१ पासून वाय१ ८० मिमीवर आणि वाय२ १२० मिमीवर आहे. १२० ÷ ८० चा लॉगॅरिदम ०.४०५. आर२ पासून हीच अंतरे ४० आणि ८०, लॉगॅरिदम ०.६९३. दोन्ही आर केबलमध्ये निम्मा निम्मा करंट धरला तर सरासरी ०.५४९. बी फेज दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरांवर आहे, म्हणून तिचाही आकडा ०.५४९, पण चिन्ह उलटे.

म्हणजे फेऱ्यावर परिणाम होतो तो आर आणि बी यांच्या करंटमधल्या फरकाचा. दोन फेजमध्ये १२० अंशांचे अंतर असल्याने हा फरक १.७३२ × १३३३ = २३०९ अँपिअर. म्हणून

फेऱ्यातले व्होल्टेज = ०.०६२८ × ०.५४९ × २३०९ = सुमारे ७९.७ व्होल्ट/किमी

फिरता करंट = ७९.७ ÷ ०.२०२२ = ३९४ अँपिअर

आपल्या ३० मीटर लांबीत हे व्होल्टेज जेमतेम २.४ व्होल्ट भरते. एवढ्याशा व्होल्टेजवर ३९४ अँपिअर फिरतो, कारण फेऱ्याची इम्पीडन्स फक्त ६ मिलिओहम आहे. लांबी दोन्हीकडे सारखीच येते, म्हणून वाटणी लांबीवर अवलंबून नसते. १० मीटरची केबलही तितकीच बिघडते.

पायरी ५: बेरीज, पण कोनासकट

३९४ सरळ ६६७ मध्ये मिळवायचा नाही, कारण दोन्हींमध्ये कोन आहे. मधल्या फेजसाठी हा कोन इम्पीडन्सच्या कोनाएवढाच येतो. त्याची कोसाइन म्हणजे रोध भागिले इम्पीडन्स: ०.०६४६ ÷ ०.१०११ = ०.६३९.

वाय१ = √(६६७² + ३९४² + २ × ६६७ × ३९४ × ०.६३९) = सुमारे ९६८ अँपिअर

वाय२ = √(६६७² + ३९४² − २ × ६६७ × ३९४ × ०.६३९) = सुमारे ५१४ अँपिअर

ही पहिली फेरी. यात आर आणि बी निम्मे निम्मे धरले होते. प्रत्यक्षात त्यांचीही वाटणी बिघडलेली असते. त्यामुळे आलेले नवे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करायचा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आकडे स्थिरावतात:

आर१ ६१९, आर२ ७८४
वाय१ ९८८, वाय२ ४९५
बी१ ८४६, बी२ ४९३

पहिल्या फेरीतले आकडे शेवटच्या आकड्यांपासून चार-पाच टक्क्यांच्या आतच असतात. साइटवर निर्णय घ्यायला तेवढे पुरते.

वाय१ मधली उष्णता हिशेबापेक्षा (९८८ ÷ ६६७)², म्हणजे जवळपास २.२ पट. सहाही केबल मिळून वाया जाणारी वीज समान वाटणीच्या तुलनेत सुमारे १९ टक्के जास्त, म्हणजे ३० मीटरमध्ये पूर्ण लोडला जवळपास १ किलोवॅट. नाशिकच्या एप्रिल-मेच्या दुपारी शेडच्या पत्र्याखालचा ट्रे आधीच तापलेला असतो. त्यात वाय१ चे इन्सुलेशन आधी कडक होते, मग तडकते.

आर१ आणि आर२ यांची साधी बेरीज १४०३ येते, १३३३ नाही, हेही पाहून ठेवा. दोघींच्या करंटमध्ये कोन असल्यामुळे असे होते. साइटवर बेरीज जुळत नाही म्हणून मीटर खराब ठरवू नका.

पायरी ६: मांडणी बदलून पुन्हा मांडा

आता आर१ वाय१ बी१ आर२ वाय२ बी२ हा क्रम घ्या. त्याच पद्धतीने आर ५२० आणि ८१४, वाय ६३८ आणि ७०१, बी ७४६ आणि ६१४ येतात. पहिल्यापेक्षा बरे, पण आर२ अजून २२ टक्क्यांनी जास्त आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या फेजच्या केबल आहेत, त्यामुळे त्याची रिअॅक्टन्स कमी पडते. आर१ कडेला आहे.

आता हा क्रम घ्या:

आर१ वाय१ बी१ बी२ वाय२ आर२

ओळीच्या मधोमध आरसा धरला तर डावी बाजू हुबेहूब उजवीसारखी दिसते. आर१ ला जे शेजारी आहेत तेच आर२ ला आहेत. फेऱ्यातले व्होल्टेज दोन्ही बाजूंनी सारखे येऊन कापले जाते आणि फिरता करंट शून्य होतो. प्रत्येक केबलमध्ये ६६७. केबल तीच, ट्रे तोच, खर्चही तोच. क्रम तेवढा बदलला. दोन रनसाठी हाच क्रम वापरा, दुसरा शोधायची गरज नाही.

ट्रेफॉइल, म्हणजे आर-वाय-बीच्या तिकोनी जुड्या, बांधणार असाल आणि दोन जुड्यांत दोन केबलव्यासांचे अंतर सोडले, तर दोन्ही जुड्या एकसारख्या मांडल्यावरही प्रत्येक केबलचा करंट ६६७ पासून साधारण ४–५ टक्क्यांपेक्षा जास्त हलत नाही. दुसरी जुडी आरशातल्यासारखी उलटी मांडली तर तेही नाहीसे होते.

तीन रन एका ओळीत टाकायचे असतील तर आरशाची युक्ती पूर्ण लागू पडत नाही, कारण मधल्या संचाला जोडीदारच नसतो. तिथे ट्रेफॉइल बांधा आणि हिशेब एक्सेलवर करा.

एक्सेलची मांडणी अशी. केबल जितक्या, तितकी समीकरणे हवीत. प्रत्येक फेजसाठी एक समीकरण: त्या फेजच्या केबलची बेरीज = फेजचा करंट. उरलेली समीकरणे अशी की एकाच फेजच्या दोन केबलमधला व्होल्टेज ड्रॉप सारखा आहे. एका केबलचा ड्रॉप म्हणजे तिचा रोध × करंट, अधिक ०.०६२८ × (प्रत्येक केबलचा करंट × त्या अंतराच्या व्यस्ताचा लॉगॅरिदम) यांची बेरीज. स्वतःसाठी अंतराच्या जागी प्रभावी त्रिज्या घाला. रिअॅक्टन्सचा भाग ९० अंशांनी फिरलेला असतो, म्हणून प्रत्येक करंटचे आडवा आणि उभा असे दोन भाग पाडा. नऊ केबलची अठरा समीकरणे होतात. एमइन्व्हर्स आणि एममल्ट ही दोन फंक्शन ती एका झटक्यात सोडवतात. शीट पहिल्यांदा बनवली की वरची सहा केबलची मांडणी घालून ९८८ आणि ४९५ येतात का ते तपासा, मग नऊ केबल घाला.

किती फरक चालतो

आयईसी ६०३६४ या विद्युत मांडणीच्या मानकात समांतर केबलमधला फरक प्रत्येक केबलच्या डिझाइन करंटच्या १० टक्क्यांहून जास्त असेल तर वाटणी असमान समजतात, आणि प्रत्येक केबलचा ओव्हरलोड स्वतंत्रपणे तपासावा लागतो. आपल्या उदाहरणात ही मर्यादा ६७ अँपिअर. पहिल्या मांडणीत सर्वात मोठा फरक ४९३ अँपिअरचा होता.

हिशेब बरोबर, तरी वाटणी बिघडते तेव्हा

लांबी. पॅनेलमध्ये एक केबल सरळ आली आणि दुसरी वळसा घेऊन आली, ३० ला ३३ मीटर झाली, तर तेवढ्यानेच वाटणी साधारण ५२ आणि ४८ टक्के होते. सगळ्या केबल एकाच मापाच्या कापा. जास्तीची लांबी सगळ्यांनाच सारखी ठेवा.

लग. ३० मीटर केबलचा रोध फक्त १.९ मिलिओहम असतो. एका लगने अर्धा मिलिओहम भर घातली तर त्या केबलचा रोध पाव पटीने वाढतो, करंट दुसरीकडे वळतो, आणि ६६७ अँपिअरला त्या लगवर २२० वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. योग्य डायने क्रिंपिंग, अॅल्युमिनियम घासून लगेच जोडपेस्ट, तांब्याच्या बसबारला बायमेटल लग किंवा वॉशर, आणि बोल्ट टॉर्क रेंचने. हे टाळून केलेला कोणताही हिशेब खोटा ठरतो.

ग्लँड प्लेट, म्हणजे केबल पॅनेलमध्ये शिरतात ती प्लेट. सिंगल कोअर केबल लोखंडी प्लेटच्या वेगवेगळ्या भोकांतून नेल्या तर प्लेट तापते आणि त्या केबलची रिअॅक्टन्सही बदलते. अॅल्युमिनियमची प्लेट वापरा. एका फेजची केबल एकटी लोखंडी पाइपमधून कधीही नेऊ नका. पाइप हवाच असेल तर तिन्ही फेज एकत्र न्या. सिंगल कोअर केबलला आर्मर असेल तर ते अॅल्युमिनियमच्या तारेचे असावे आणि दोन्ही टोकांना अर्थ केल्यास त्यात वाहणारा करंट वेगळा धरावा.

फेजचा क्रम. आर-वाय-बीचा फिरण्याचा क्रम उलटा झाला तर पहिल्या मांडणीत ९८८ अँपिअर वाय१ ऐवजी वाय२ मध्ये जातो. ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर किंवा एचटी (उच्च व्होल्टेजच्या) बाजूला जोडणी बदलल्यावर वेगळीच केबल गरम लागू लागली तर आधी फेज सीक्वेन्स मीटर लावा.

मोजून खात्री

जिवंत पॅनेलवरचे हे काम परवानाधारक माणसानेच, हातमोजे आणि फेस शील्डसह करावे. लोड पूर्ण लोडच्या निम्म्याहून जास्त असताना ट्रू आरएमएस टाँग टेस्टरने (केबलभोवती लावायच्या क्लॅम्प मीटरने) प्रत्येक केबल स्वतंत्र मोजा. ड्राइव्ह आणि वेल्डिंग मशीन असलेल्या कारखान्यात साधा टेस्टर चुकीचा आकडा दाखवतो. सहा आकडे पाच मिनिटांच्या आत घ्या, नाहीतर मधेच लोड बदलतो. लवचिक कॉइलचा मोठा क्लॅम्प असेल तर एका फेजच्या दोन्ही केबल त्यात एकत्र घेऊन एसीबीच्या डिस्प्लेशी ताडून पाहा. तो आकडा जुळायला हवा.

मग प्रत्येक केबलचा आकडा त्या फेजच्या करंटच्या निम्म्याने भागा. आरशाच्या मांडणीत सगळी उत्तरे ०.९५ ते १.०५ मध्ये यावीत. एकच केबल कमी असेल आणि तिच्या फेजमधली दुसरी जास्त, तर लग तपासा. तिन्ही फेजमध्ये मिळून नमुना दिसत असेल, मधली एक केबल फार जास्त आणि कडेच्या कमी, तर ट्रेमधला क्रम तपासा. केबलवरचे टॅग नव्हे, दोन्ही टोकांची जोडणी पाहून.

क्रम चुकलेला निघाला तर बहुतेक वेळा केबल पुन्हा ओढावी लागत नाही. शटडाउन घेऊन दोन्ही टोकांना लगांची जागा बदलली की आर आर वाय वाय बी बी चे आर वाय बी बी वाय आर होते. दुसऱ्या जागेची केबल वायला, तिसरी बीला, चौथी बीलाच, पाचवी वायला आणि सहावी आरला. म्हणजे चौथीचीही बसबार बदलते. फक्त पहिली आपल्या जागी राहते. त्यासाठी केबलच्या टोकांना पुरेशी ढील हवी, म्हणून सुरुवातीलाच पॅनेलच्या तळाशी प्रत्येक केबलला सारखी वाढीव लांबी सोडलेली असावी. बदल झाल्यावर टॅग आणि रंगाच्या स्लीव्ह दोन्ही टोकांना नव्याने लावा, मेगर घ्या (इन्सुलेशनचा रोध मोजा), फेज सीक्वेन्स तपासा आणि लोड आल्यावर सहाही आकडे पुन्हा लिहून पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवा.